मणक्याचं गाऱ्हाणं

कुठल्याही रिक्षावाल्याने मला ओळखलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, आता कुठे दुखतंय?" यात त्याची चूक नाही. घोटा, बरगडीजवळचा स्नायू, पुन्हा घोटा आणि मग पाठ. मी रनअपवर जेवढा धावलोय त्याहून जास्त बर्फाच्या पिशव्या बांधून बसलोय. मोबाईलवर माझं नाव टाकलं तर थट्टा म्हणून टाकलेले फुटलेल्या काचेचे फोटो येतात. त्याचं आता मलाही हसू येतं.

हसू येत नाही ते दुसऱ्या गोष्टीचं. मणक्याला चीर गेलेली असताना, भारताची टोपी मिळावी म्हणून मी ती लपवली आणि संघाला भर दौऱ्यात तोंडघशी पाडलं, असं माझ्याबद्दल छापून आलं. चॅनेलवर बोललं गेलं. ज्यांनी मला पुन्हा निवडायचं त्यांच्या डोक्यातही तेच बसलंय, आणि ते निघालं नाही तर मी कितीही फिट झालो तरी मला कोणी बोलावणार नाही. म्हणून हे लिहितोय. पाठीच्या ऑपरेशनला निघालेल्या कोणाला यातून धीर आला तर चांगलंच आहे. पण आजारपणाने मी मोठा शहाणा, शांत वगैरे झालो असं समजू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

घाटकोपर

आम्ही चारकोपला राहतो. आजोबा गिरणीत होते, बाबा इथल्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथ मशीनवर. मी शाळेच्या मैदानात टेनिस बॉल टाकत असताना क्रिकेट शिकवणाऱ्या दळवी सरांनी कुंपणापलीकडून बघितलं आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन बाबांना म्हणाले, "हा मुलगा मला द्या." बाबांनी दिला. तेव्हापासून सर घरी आले की बाबा खुर्ची सोडून उठतात. मी काय खायचं, किती झोपायचं, कुठला बूट घालायचा, सगळं सर ठरवायचे. माझे सगळे मेडिकल रिपोर्टही सरांच्याच कपाटात असायचे, आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

टोपी मिळाली त्या हंगामात पाठ दुखायला लागली. आधी फक्त बॉलिंगनंतर, मग सकाळी दात घासताना बेसिनवर वाकलं तरी. सरांच्या ओळखीचे एक डॉक्टर घाटकोपरला होते. सरांनी मला आणि बाबांना गाडीत घातलं आणि नेलं. एमआरआय झाला. तो मागून उघडा झगा घालून मी डॉक्टरांच्या खोलीत आलो तेव्हा त्यांनी फिल्म दिव्यासमोर धरली होती. सर म्हणाले, "जा, आधी कपडे बदलून ये. गार लागेल."

मी गेलो. झग्याच्या नाडीला गाठ बसली होती, ती सोडवत बसलो. परत आलो तर तिघंही उठून उभे होते.

"स्नायू आहे," सर म्हणाले. "बर्फ लाव. थोडे दिवस हळू टाक."

बाबा पंख्याकडे बघत होते. मला वाटलं, भूक लागली असेल. येताना पवईला गाडी थांबवून सरांनी गरम भजी घेतली आणि मी दोघांच्या वाटणीचीही खाल्ली, इतकं मला हलकं वाटत होतं. हाड नाही, स्नायू आहे. जीव भांड्यात पडला होता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. परदेश दौऱ्यावर भारताच्या एका बॉलरचा पाय दुखावला होता आणि त्याच्या जागी मला ताबडतोब निघायचं होतं. आई देवापुढे जाऊन बसली ती उठेचना. मला वाटलं, आनंदाने.

तो आवाज

पहिला सामना मी कसा खेळलो ते मला नीटसं आठवत नाही. विकेट मिळाली, टोपी मिळाली, मिठ्या मिळाल्या. पाठ दुखत होती, पण स्नायू होता ना. स्नायू दुखतो, बर्फ लावला की बसतो. संघाच्या डॉक्टरांनी विचारलं, "पाठीचं काही?" मी बेधडक सांगितलं, "मागे स्नायू धरला होता, आता ओके आहे." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझ्या गळ्यात अडकवलं गेलं ते हेच.

दुसऱ्या सामन्यात बॉल सोडताना पुढचा पाय टेकला आणि पाठीत सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. तो फक्त मला ऐकू आला. मी खाली बसलो आणि मला उठता येईना. कॉमेंट्रीवाले म्हणत होते की पाणी कमी प्यायला असेल, पेटके आले असतील. स्ट्रेचरवर असताना मी एकच विचार करत होतो, की स्नायू एवढा कसा दुखतो.

तिथल्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, मणका दोन्ही बाजूंनी मोडलाय, आणि एका बाजूची चीर जुनी आहे. मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तशी नजर त्यानंतर मी पुष्कळ बघितली. मी परत येऊन विमानतळावर व्हीलचेअरवर बसलो तोपर्यंत बातमी बाहेर आली होती, की पोराने दुखापत लपवली.

अंधेरी

ऑपरेशन अंधेरीला झालं. दोन स्क्रू घातले. ऑपरेशनचं मी फार सांगणार नाही, कारण त्या वेळी आपण झोपलेले असतो आणि ते एक बरं असतं. अवघड असतं ते नंतरचं. पाठीच्या पेशंटला स्वतःहून कुशीवर वळायची परवानगी नसते. दोन माणसं येतात, चादर दोन बाजूंनी धरतात आणि आख्खा माणूस लाकडाच्या ओंडक्यासारखा एकदम फिरवतात. ज्याच्या वेगाला लोक घाबरायचे तो माणूस "सिस्टर, वळवा ना जरा" म्हणून बेल दाबत असतो. पहिले काही दिवस मी लाजेने बेलच दाबायचो नाही. तुम्ही असं करू नका. बेल दाबा.

वॉर्डातल्या मावशींना क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं आणि त्यांचा मला फार आधार वाटला. पाय पुसता पुसता त्यांनी एकदा विचारलं, "काय काम करता तुम्ही?"

"बॉल टाकतो."

"कुठे?"

"क्रिकेटमध्ये. जोरात टाकतो."

"आणि त्याच्यासाठी एवढं?" त्या म्हणाल्या आणि दुसरा पाय पुसायला घेतला. त्या आजारपणात मी मनापासून हसलो तो तेवढाच एकदा, आणि हसल्यावर टाके असे खेचले की डोळ्यांत पाणी आलं.

बाबा रोज कामावरून सुटले की चारकोपहून यायचे. स्टुलावर बसायचे, माझ्या पायाची बोटं दाबून बघायचे, हलतायत ना. टीव्हीवर माझी बातमी लागली की रिमोट शोधायचे. सर एकदाच आले, दारातून हात केला, म्हणाले, "घाबरू नको, आपण परत येऊ." तेव्हा मी सरांना म्हटलं होतं, "सर, सगळे म्हणतायत मी लपवलं. तुम्ही सांगा ना त्यांना, स्नायू होता म्हणून." सर म्हणाले, "लोकांचं मनावर घेऊ नको रे." बाबा स्टुलावरच बसलेले होते.

हे मी नंतर कितीतरी वेळा आठवलं. मी झोपून विनवतोय, आणि ज्यांना खरं माहीत आहे ते दोघं माझ्या दोन बाजूंना आहेत.

गजामामा

आईचा भाऊ, गजामामा, कणकवलीकडच्या आमच्या आजोळाहून मला बघायला आला. पिशवीत नारळ, अंगारा आणि घरची कोकमं. आई खिडकीपाशी माझे कपडे घडी करत होती.

"काय रे निलग्या, बरो दिसतस रे. मी म्हटलंय पोरगो सुकान गेलो आसतलो," मामा म्हणाला आणि अंगारा माझ्या कपाळाला लावला. "आता भिऊचा कारण नाय. देवान ऐकल्यान. तेव्हाच आम्ही गाऱ्हाणा घातललव."

"ऑपरेशनच्या दिवशी?"

"नाय रे. तू इमानात बसलंस तेव्हा. तुझ्या आवशीचो फोन इलो, पोराच्या मणक्याक चीर पडली हा, डाक्टर खेळू नको म्हणता, नि पोर तर चल्लो. मग गुरवाक सांगितलंय. सगळो गाव हुतो देवळात."

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते मनातल्या मनात नाही. गुरव देवासमोर उभा राहतो आणि काय अडचण आहे ते मोठ्याने सांगतो, नावानिशी, दुखण्यानिशी. प्रत्येक वाक्याला जमलेला गाव एका आवाजात होकार देतो. मामाने हात जोडून गुरवाचा सूर लावून दाखवला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या पाठीच्या पाचव्या मणक्याक जी काय चीर पडली हा, ती सांभाळ रे म्हाराजा. तेका नाव मिळू दे, नि तेका धड घराक घेवन ये रे म्हाराजा. आणि आम्ही सगळे म्हटलंव, व्हय म्हाराजा."

पाचव्या मणक्याक. कितवा मणका हेसुद्धा माझ्या आजोळातल्या म्हाताऱ्यांना, दुकानदाराला, शाळेतल्या पोरांना माहीत होतं. मी परदेशात मैदानावर उभा राहून संघाच्या डॉक्टरांना स्नायू आहे म्हणून सांगत होतो आणि आख्खा गाव माझ्या हाडाला "व्हय महाराजा" म्हणत होता.

मामाने आईकडे बघितलं आणि मला हे कोणी सांगितलेलंच नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो पिशवीतली कोकमं उगाचच बाहेर काढायला लागला. आईच्या हातात माझा टीशर्ट होता, तो ती परत परत घडी करत होती.

देवाला सांगितलंस

मामा चहाच्या निमित्ताने खाली गेला. मी आईला विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"यांनी. घाटकोपरहून आलात त्याच संध्याकाळी. डॉक्टरांनी चार महिने बॉलला हात लावायचा नाही म्हटलेलं. सर म्हणाले, पोराला सांगायचं नाही. मला शपथ घातलेली यांनी."

"आणि मामाला फोन केलास."

"देवाला सांगायला केला. देवाला सांगायला नको?"

"मला सांगायला नको?"

आई रडायला लागली. एरवी ती रडली की मी विरघळतो. त्या दिवशी मी छताकडे बघत पडून राहिलो. कुशीवर वळून तोंड फिरवायचीसुद्धा सोय नव्हती, त्यासाठी दोन माणसं बोलवावी लागली असती.

मग मी एक वाईट काम सुरू केलं, आणि आडव्या पडलेल्या माणसाकडे त्यासाठी वेळच वेळ असतो. मी माझी प्रत्येक जुनी दुखापत उकरून काढली. पहिल्यांदा घोटा सुजला तेव्हाही सर म्हणाले होते, लिगामेंटबिगामेंट काही नाही. बरगडीच्या वेळीही मला आधी बाहेर पाठवलं होतं. खरं काय होतं? ज्या माणसाच्या शब्दावर मी माझं शरीर टाकलं त्याच्या शब्दांतला कुठला खरा, हे आता मला कसं कळणार? मणका जुळतो, त्याला स्क्रू मिळतो. याला कुठला स्क्रू लावायचा ते मला अजून सापडलेलं नाही.

पाठीच्या ऑपरेशनला निघालेल्यांना मी एकच सल्ला देऊ शकतो. डॉक्टर बोलत असतील तेव्हा खोलीत थांबा. झगा मागून उघडा असला तरी चालेल. कपडे नंतर बदला.

बाबा

बाबांशी मी घरी आल्यावर बोललो. पट्टा बांधून मी गॅलरीत बसायचो. ते समोर बसून वाटाणे सोलत होते.

"बाबा, तडा गेलेला लोखंडाचा जॉब तुम्ही मशीनवर लावता?"

त्यांना प्रश्न कळला. "नाही," ते म्हणाले.

"का नाही?"

"फिरता फिरता उडतो. माणूस मरतो."

"मग मला कसं लावलंत?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, "सर म्हणाले, वेगवान बॉलरला हाडाचं कळलं की तो संपला. पाय टाकताना कचरतो. मग हाड जुळलं तरी तो बॉलर उरत नाही. आणि दुसऱ्या दिवशी तो फोन आला. तुझं तोंड बघितलं मी त्या वेळी. माझ्याच्याने झालं नाही रे." वाटाणे खाली सांडले होते, ते वेचत ते म्हणाले, "मी सांगतो त्या लोकांना. पेपरवाल्यांना सांगतो, माझी चूक आहे."

आतून आई म्हणाली, "आणि सरांचं काय होईल? इतकी पोरं आहेत त्यांच्याकडे. या वयात त्यांना कोण दारात उभं करील?"

म्हणजे तेव्हाही आमच्या घरात सरांचाच विचार आधी झाला. आणि खरं सांगायचं तर मीही गप्प बसलो. सरांचं नाव घ्यायला जीभ उचलेना. वर्षभर लोक मला लबाड म्हणत राहिले आणि मी "नो कमेंट्स" म्हणत राहिलो. बाबा माझ्यासाठी रोज सकाळी पाणी गरम करून ठेवायचे आणि आम्ही एकमेकांशी पाण्याबद्दल बोलायचो.

सर

मी पुन्हा बॉल टाकायला लागलोय. आधी उभ्याने, मग चार पावलांवरून, आता पूर्ण रनअप. हाड जुळल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी खोलीत होतो. पुढचा पाय टाकताना मी कचरतो का? पहिले काही आठवडे कचरलो. मग नाही. म्हणजे सरांचा सिद्धांतही खोटाच निघाला.

हे लिहायचं ठरवल्यावर मी आधी सरांना सांगायला मैदानावर गेलो. त्यांच्या पाठीमागे लिहिणं मला जमलं नसतं. सर नेटच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. म्हातारे दिसले. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, गाऱ्हाण्यापासून. त्यांनी नाकारलं नाही.

"मी एकोणीस वर्षांचा असताना मला डॉक्टरने गुडघ्याचं सांगितलं," ते म्हणाले. "गुडघा गेला नाही. आजही धड आहे. पण त्या दिवसानंतर मी पुढचा पाय मनापासून आपटलाच नाही. तुझं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. तू माझ्याकडचा सगळ्यात फास्ट होतास."

नेटमधून घरंगळत आलेला बॉल मी पायाने अडवला.

"खरं सांग निलेश. तुला सांगितलं असतं, तर तू थांबला असतास?"

या प्रश्नाचं उत्तर मला हॉस्पिटलपासून माहीत होतं. "नाही सर. गेलो असतो."

त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. कित्येक दिवसांनी कोणीतरी त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं असावं तसा.

"मग झालं तर," ते म्हणाले. "तू गेलाच असतास. तेच तर लोक म्हणतायत. लिहायचंच आहे ना, मग तसंच लिही. माहीत होतं, तरी देशासाठी खेळलो. लोक उलट डोक्यावर घेतील तुला. तुझ्या बाबांचंही निभावेल, माझंही. काय फरक पडतो?"

आजवर सरांनी सांगितलं आणि मी केलं नाही असं झालेलं नाही. मी म्हटलं, "बघतो सर," आणि घरी आलो.

मी गेलोच असतो. पण जाण्याआधी मी संघाच्या डॉक्टरांना खरं सांगितलं असतं आणि त्यांनी मला खेळवायचं की नाही ते ठरवलं असतं. आईला मी समोर बसवून सांगितलं असतं की मोडलो तर रडू नकोस, मी विचार करून जातोय. आणि मैदानात तो आवाज आला तेव्हा मला कळलं असतं की काय मोडलं. मी गाढवासारखा स्नायू, स्नायू करत स्ट्रेचरवर पडलो नसतो.

बाबांना हे सगळं वाचून दाखवलंय. ते म्हणाले, दे छापायला. आता ज्यांना जे समजायचं ते समजू दे. मला माहीत नव्हतं.